आपले म्हणणे आपल्याच तोंडून



१२ सप्टेंबर २०२१ रोजी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली. लिहिण्याची अडचण असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना या तीन तासांच्या परीक्षेत एक तास जादा मिळतो. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तो मिळाला नाही. डिसग्राफिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही हाताने लिहिणे जड जाणे. नियम होता, पण केंद्रावर तो पाळला गेला नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद लागली नाही, म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तिचा हक्क डावलला गेल्याचे मान्य केले आणि चूक कशी भरून काढता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

परीक्षेच्या खोलीत आईबाबा सोबत नसतात. तिथे जे मागायचे ते मुलालाच मागावे लागते आणि ऐकले नाही तर तक्रारही त्यालाच करावी लागते. आपल्या घरांत याची तयारी होते का? मी मुलाला प्रश्न विचारतो आणि उत्तर आई देते, "फादर, तो लाजतो." यामागे माया आहे हे मला कळते. पण अठराव्या वर्षी तोच मुलगा भाईंदरहून लोकल पकडून मुंबईच्या कॉलेजात एकटा जाणार आहे.

काही घरांत तर आजाराचे नावही मुलाला सांगत नाहीत. ज्याला आपल्या अडचणीचे नाव ठाऊक नाही, तो मदत कशी मागणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात अध्ययन अक्षमतेसह २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. सेमिनरीत आम्ही शिकलो की ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. दयेने दिलेले मागता येत नाही, पण हक्काचे मागता येते. जादा वेळ किंवा लेखनिक मागणारे मूल मेहेरबानी मागत नसते.

आपल्याच जिल्ह्यातल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टिहीन आहेत. २०१६ साली लागलेल्या यूपीएससीच्या निकालात त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेने नोकरी नाकारली. त्यांनी ते उघडपणे अन्याय म्हणून मांडले, पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या.

हे धैर्य एका दिवसात येत नाही. सुरुवात दुकानापासून करा. सुटे पैसे मुलालाच मागू द्या. तो अडखळेल, मागचे लोक कुरकुरतील, तरी मध्ये बोलू नका. पुढच्या बाकावर बसायचे असेल तर बाईंना त्यानेच सांगावे. बोलता येत नसेल तर चिठ्ठीने किंवा खुणेने. दहावी-बारावीच्या सवलतींसाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. तो भरताना मुलाला शेजारी बसवा. काय लिहिले ते त्याने वाचावे, अर्जाची एक प्रत त्याच्याजवळ राहावी.

आंधळा बार्तिमय ओरडू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसवायला पाहिले. प्रभूला त्याची गरज दिसत होती, तरीही त्याने त्यालाच विचारले.

धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात असे मूल असेल तर काय हवे ते आधी त्याला विचारा, त्याच्या आईला नंतर. उत्तराला वेळ लागला तर थांबा.

— आपला प्रमुख धर्मगुरू