फवारणीची विषबाधा आणि खर्रा-दारूचे व्यसन

कपाशीला पाते-फुले धरू लागली की शेतात फवारणीचे दिवस सुरू होतात. हवेत दमटपणा असतो, पावसाने उघडीप दिलेली असते आणि दुपारचे ऊन अंगाला चटके देते. नेमक्या याच काळात तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी व पुढे बोंडअळी यांचा उपद्रव वाढतो, आणि पाठीवर पंप घेतलेला मजूर सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत पऱ्हाटीतून फिरत राहतो. पिकाचे रक्षण कसे करावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हे रक्षण करणाऱ्या माणसाच्या शरीरात औषध किती व कोणत्या वाटेने शिरते, आणि त्याच्या खिशातील खर्रा व सायंकाळची दारू त्यात काय भर घालतात, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते विदर्भातील शेतकरी विसरलेला नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. डोक्याच्या उंचीवर फवारा धरावा लागल्याने औषधाचे तुषार पिकावर पडण्याऐवजी फवारणाऱ्याच्याच तोंडावर व छातीवर येत. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पद्धत, बारीक तुषार उडविणारे पंप, हातमोजे व चष्म्याचा अभाव आणि उष्ण दमट हवा या सर्वांचा मेळ बसला. एकाच कारणावर बोट ठेवणे योग्य होणार नाही. त्यानंतर राज्य शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळापुरती बंदी घातली. पुढे २०२३ साली केंद्र शासनाने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवरूप औषधावर बंदीचा आदेश काढला.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही औषधे सेंद्रिय फॉस्फरस गटातील आहेत. त्यांचे कार्य समजून घेतल्यास पुढील गोष्टी उलगडतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप पोहोचविण्यासाठी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते. निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज हे विकर त्या द्रव्याचा तत्काळ नाश करते. कीटकनाशक या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळे पाझरतात, घामाने अंग भिजते, पोटात कळा येतात, उलटी व जुलाब होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. पापण्या व पोटऱ्या फडफडू लागतात. छातीत स्राव साचतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. कीड ज्या रीतीने मरते, त्याच रीतीने माणूस मरतो. फरक केवळ मात्रेचा आहे.

निकामी झालेले विकर एका रात्रीत भरून येत नाही. रक्तपेशींतील विकर पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात. रोजंदारीने गावभर फवारणी करणाऱ्या मजुराच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. पहिल्या दिवशी त्याला काही होत नाही, दुसऱ्या दिवशी डोके जड वाटते, आणि आठव्या दिवशी पूर्वीइतक्याच किंवा त्याहून कमी औषधाने तो बांधावर कोसळतो. लोक म्हणतात, "कालपर्यंत तर धडधाकट होता." काल त्याच्या शरीरातील शिल्लक संपत आली होती, एवढेच.

औषध शरीरात शिरण्याचा मुख्य मार्ग नाक आहे, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणून शेल्याने तोंड बांधले की काम भागले असे मानले जाते. फवारणीत बहुतांश औषध कातडीवाटे शिरते, आणि शेला एकदा औषधाने ओला झाला की तीच तोंडावर बांधलेली विषाची पट्टी होते. शरीराची सर्व कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या औषधावर झालेल्या प्रयोगांत हाताच्या पुढील भागाच्या तुलनेत कपाळातून सुमारे चौपट, तर जांघेतील नाजूक कातडीतून सुमारे बारापट औषध शोषले गेल्याचे आढळले. गळक्या पंपाचे पाणी पाठीवरून ओघळत कमरेखाली उतरते, तेव्हा काय घडत असेल हे यावरून कळावे. पंपाची पाचर-वायसर बदलण्यास चार पैसे लागतात. ते वाचविण्यासारखे नाहीत.

आता खर्ऱ्याचे पाहू. सुपारी, तंबाखू व चुना यांचे हे मिश्रण विदर्भात फवारणीच्या शिदोरीचा जणू भागच झाले आहे. कोठे कोठे चहापाण्याबरोबर खर्रा देण्याची चालही आहे. फवारणारा मजूर पंप भरताना औषध मोजतो, काडीने ढवळतो, तुंबलेले नोझल बोटाने साफ करतो, क्वचित तोंडाने फुंकतोही. त्याच हाताने तो खर्ऱ्याची पुडी सोडतो आणि चिमूट गालात धरतो. बोटांवरील औषध अशा रीतीने तोंडात जाते व गालातच मुरत राहते. चुन्याने व सुपारीने गालाचे अस्तर सोललेले, चिरलेले असते. तेथून शोषण त्वरेने होते. दिवसातून पाच-सहा वेळा हे घडले तर हातमोजे घालूनही उपयोग नाही, कारण खर्रा खाताना ते काढलेले असतात किंवा, त्याहून वाईट, घातलेलेच असतात.

तंबाखूविषयी आणखी एक गोष्ट जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मावा मारण्यासाठी तंबाखूचा काढा फवारण्याची रीत पूर्वी होती. तंबाखूतील निकोटीन हे स्वतः कीटकनाशक आहे. ॲसिटिलकोलीनचा निरोप जेथे पोहोचतो, त्याच ठिकाणांपैकी काहींवर ते आघात करते. इमिडाक्लोप्रिडसारखी अलीकडची औषधेही त्याच जातीच्या ठिकाणी काम करतात. शिवाय निकोटीनमुळेही मळमळ, घाम व चक्कर येते. त्यामुळे "खर्रा लागला" असे म्हणून मजूर घटकाभर झाडाखाली बसतो आणि पुन्हा पंप उचलतो. विषबाधेची पहिली सूचना येथेच वाया जाते. विडी ओढणाऱ्याची स्थिती निराळी नाही. धुराने श्वासनलिका साफ ठेवणारी सूक्ष्म लव निकामी होते आणि आत गेलेले तुषार बाहेर टाकण्याची शक्ती उणावते.

वर्षानुवर्षे सुपारी-खर्रा खाणाऱ्या कित्येकांचे तोंड पुरते उघडत नाही. गालाचे अस्तर ताठर होते. विषबाधेत श्वास बंद पडू लागला म्हणजे डॉक्टरांना घशातून नळी घालावी लागते. तोंड दोन बोटेही उघडत नसेल, तर ज्या क्षणांवर प्राण अवलंबून असतो ते क्षण त्यातच जातात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४ टक्क्यांहून अधिक प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते, हे येथे ध्यानात असावे.

दारूची गोष्ट अधिक गंभीर आहे. फवारणीनंतर अंग दुखते, डोके ठणकते, म्हणून सायंकाळी पेला घ्यावा, त्याने "औषधाची गर्मी उतरते", असा एक भ्रम आहे. दारूने विष उतरत नाही. विषाचा निचरा करण्याचे काम यकृताचे. त्याच्यावरच दारू दुसरा भार टाकते. दारूमुळे लघवी अधिक होऊन उन्हाने आधीच कोरडे पडलेले शरीर आणखी कोरडे होते. श्वास मंदावण्यास विषाला दारूचीही साथ मिळते. परंतु सर्वांत मोठा घात निराळाच आहे. बरळणारा, झोकांड्या खाणारा, ओकारी करणारा माणूस पाहिला आणि त्याच्या तोंडाला वास आला की घरचे म्हणतात, "प्यायला आहे, झोपू द्या." सकाळी तो उठत नाही.

यासाठी घरच्या माणसांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, खुणा पाहावयास शिकावे. दिव्याशिवायही बाहुल्या टाचणीएवढ्या दिसतात काय? तोंडातून लाळ वाहते काय? कपडे घामाने चिंब आहेत काय? पापणी किंवा पोटरीचा स्नायू आपोआप फडफडतो काय? श्वासाबरोबर छातीत घरघर आहे काय? यांपैकी एकही खूण दिसली आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी त्याने फवारणी केली असेल, तर ती दारू समजू नये. सर्व खुणा प्रत्येक औषधाने दिसतीलच असे नाही. तेव्हा खूण न दिसताही शंका आल्यास रुग्णालय गाठावे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने अंग, केस व नखे धुवावीत. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना औषध लागू देऊ नये. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवावे. त्याला ओकारी काढण्यास भाग पाडू नये. दूध, तूप, ताक, दारू काहीही पाजू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. ॲट्रोपिन सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर उपयोगी पडते, प्रत्येक औषधावर नव्हे. म्हणून डॉक्टरांना नाव कळले पाहिजे. दारू घेतली असल्यास तेही न लाजता सांगावे.

मोठा डबा दोघांत वाटून घेताना उरलेले औषध दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून छपराच्या वाशाला लावून ठेवण्याची सवय तत्काळ सोडावी. काळोखात व्यसनी माणसाचा हात प्रथम त्याच बाटलीकडे जातो. औषध मूळ डब्यातच, कुलपात असावे, आणि डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहूनच खरेदी व्हावी. लाल म्हणजे अति विषारी, नंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे.

खर्रा एका हंगामात सुटणार नाही, हे मान्य करून निदान फवारणीच्या तासांपुरती पुडी घरी ठेवावी. बांधावर साबण व पाण्याची घागर वेगळी असावी. फवारणी सकाळी लवकर आटोपावी, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून चालावे, आणि एका माणसाला रोजच्या रोज हे काम देऊ नये. ज्याला एकदा विषबाधा झाली त्याला डॉक्टर सांगतील तितके आठवडे फवारणीपासून दूर ठेवावे व दुसरे काम द्यावे. पंप धुणे किंवा रिकामे डबे गोळा करणे हे ते दुसरे काम नव्हे.