जुहू विमानतळावर कंटेनरची घरे?

प्रश्न : दरड कोसळल्यावर इर्शाळवाडीच्या लोकांना सरकारने कंटेनरमध्ये ठेवले. अमेरिकेत चाकांवरची घरे देतात. मुंबईवर असे संकट आले, तर आमच्या जुहू विमानतळाच्या मोकळ्या जागेत अशी घरे मांडता येतील का?
– एक वाचक, जुहू

उत्तर : मांडता येतील, पण पावसाळ्यात ती जागा घात करील. १९२८ साली सुरू झालेले हे विमानतळ सखल भागात आहे. १९३०च्या दशकात इथे पावसात एवढा चिखल होई की टाटांची टपालाची विमाने तेवढे महिने पुण्याहून उडत. २६ जुलै २००५ला शेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुन्हा तसा दिवस उगवला, तर आसरा घेतलेल्यांनाच हलवावे लागेल.

अमेरिकेत २००५च्या कॅटरिना वादळानंतर लाखाहून अधिक कुटुंबांना सरकारी ट्रेलर मिळाले. पुष्कळांनी ट्रेलर स्वतःच्याच अंगणात लावला, वीज-पाणी जोडून घेतले आणि त्यात राहून मोडलेले घर दुरुस्त केले. मजल्यावर मजले चढलेल्या मुंबईत ते अंगणच नाही. शिवाय त्या ट्रेलरांतल्या दाबीव लाकडाच्या फळ्यांमधून फॉर्माल्डिहाइड वायू सुटत होता. त्याने डोळे चुरचुरतात, घसा धरतो. उष्ण, दमट हवेत तो जास्त सुटतो, आणि जुहूची हवा तुम्ही जाणताच.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. डोंगरावरच्या त्या वाडीत जायला गाडीरस्ताही नव्हता. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना खाली चौक गावाजवळ कंटेनर मिळाले. भर पावसात कोरडी जमीन, दाराला कडी आणि वाडीचाच शेजार मिळणे ही मोठी गोष्ट होती. पण उन्हाळ्यात पत्रा तापतो, आणि वर्ष उलटले तरी कुटुंबे तिथेच होती. सिडकोने त्यांच्यासाठी ४४ पक्की घरे बांधली, त्याला वेळ लागला.

खरी अडचण इथेच आहे : तात्पुरता निवारा लांबत जातो. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत काही कुटुंबांच्या पिढ्या सरल्या. म्हणून मुंबईत पहिले काही दिवस आसऱ्याला पालिकेची शाळा आणि त्यानंतर त्याच भागात राहता येईल एवढे घरभाडे, हा मार्ग मला अधिक माणुसकीचा वाटतो. त्यात मुलांची शाळा आणि मोठ्यांची रोजी तुटत नाही. कंटेनर द्यायचाच झाला, तर किल्लीसोबत पक्क्या घराची तारीख लेखी द्यावी. तुमच्यापुरते म्हणाल, तर पालिकेच्या के पश्चिम विभाग कार्यालयात जाऊन आपल्या भागासाठी कोणती शाळा ठरली आहे, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.