जुनी गाडी घेताना किंमत नव्हे, किलोमीटर मोजा

जालन्याहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, किंवा वाटेतल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणारे कारागीर आणि छोटे व्यापारी आपल्यात पुष्कळ आहेत. वेल्डर आहेत, एसी-फ्रीज दुरुस्त करणारे आहेत, फर्निचरची कामे घेणारे आहेत. काही वर्षे मोटरसायकलवर काढली की पाठ बोलू लागते, पावसाळ्यात हत्यारे भिजतात आणि घरात विषय निघतो की एखादी जुनी गाडी पाहावी. मग कोणीतरी ओळखीचा दलाल दीड लाखाची "एकदम कंडिशन" गाडी दाखवतो. पुढे काय होते ते अनेकांना ठाऊक आहे.

गाडी पाहायला निघण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. खरोखर गाडीची गरज आहे का? जो माणूस एकटा जातो, ज्याच्या हातात एखादी पिशवी असते आणि ज्याची कामाची वेळ ठरलेली आहे, त्याला रेल्वेचा मासिक पास किंवा एस.टी. यांच्याइतके स्वस्त काहीही पडणार नाही. कितीही काटकसरीची मोटार असली तरी ती पासची बरोबरी करू शकत नाही. गाडी त्याने घ्यावी ज्याच्यासोबत चाळीस-पन्नास किलो हत्यारे किंवा माल असतो, ज्याला रात्री उशिरा परतावे लागते किंवा ज्याला वाटेत चार ठिकाणी थांबून कामे करायची असतात.

आता हिशेब पाहू. जालना ते औरंगाबाद अंतर साधारण ६० कि.मी. आहे. जाऊन-येऊन १२० कि.मी. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,००० आणि वर्षाचे ३६,००० कि.मी. होतात. घरगुती वापराची गाडी वर्षाला दहा-बारा हजार कि.मी. चालते. म्हणजे इतरांची गाडी तीन वर्षांत जितकी झिजते तितकी आपली एका वर्षात झिजणार. आज ६०,००० कि.मी. चाललेली गाडी घेतली तर तीन वर्षांनी तिचा आकडा १,६८,००० वर असेल. म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने "आमची अशीच गाडी दहा वर्षे चालली" असे सांगितले तरी तो सल्ला आपल्या कामाचा नाही. त्याची गाडी बाजाराला आणि लग्नाला जाते. आपली रोज जिल्हा ओलांडते.

समजा, दोन गाड्या समोर आहेत. पहिली दीड लाखाची, जुनी, लिटरला १४ कि.मी. देणारी. दुसरी अडीच लाखाची, पाच-सहा वर्षे वापरलेली, १८ कि.मी. देणारी. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. पहिलीला वर्षाचे पेट्रोल २,७०,००० रुपयांचे लागेल, दुसरीला २,१०,००० रुपयांचे. दरवर्षी ६०,००० रुपयांचा फरक, म्हणजे महिना ५,००० रुपये. किमतीतला एक लाखाचा फरक वीस महिन्यांत भरून निघतो आणि त्यानंतर स्वस्त गाडी रोज महाग पडत जाते. पहिली गाडी जितके दिवस गॅरेजमध्ये उभी राहील तितक्या दिवसांची मजुरी यात धरलेलीच नाही. ठेकेदार एकदा उशीर सोसतो, दुसऱ्यांदा तो दुसरा माणूस बोलावतो.

आपल्यापैकी पुष्कळजण व्याजाचे कर्ज घेत नाहीत, साठवलेल्या रोख रकमेतूनच गाडी घेतात. (जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, हेही लक्षात असू द्यावे.) अशा वेळी चुकीचा सौदा म्हणजे थेट धंद्याच्या भांडवलाला भोक. म्हणून हातात अडीच लाख असतील तर सव्वादोन लाखांच्या वरची गाडी पाहूच नये. उरलेले पैसे टायर, बॅटरी, क्लच, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च यांसाठी लागतात, आणि ते पहिल्या तीन महिन्यांतच लागतात.

इंधनाचा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही. इतक्या धावपळीला सी.एन.जी. सर्वांत किफायतशीर पडतो, परंतु आपल्या रस्त्यावर पंप कोठे आहे आणि सकाळी तेथे किती रांग असते हे आधी दोन दिवस स्वतः जाऊन पाहावे. कंपनीतून बसवून आलेले किट पसंत करावे. बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात आणि विम्यात आहे का ते पाहावे. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी सक्तीची असते, तिची तारीख विचारावी. टाकी डिकी खाते, त्यामुळे हत्यारांची पेटी कोठे बसणार याचाही विचार हवा.

डिझेल वाईट नाही. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ या गाड्यांत २०२० पर्यंत मिळणारे १.३ लिटरचे, मूळ फियाटचे इंजिन लांब पल्ल्याला टिकाऊ ठरले आणि त्यातले बारकावे जाणणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत. मात्र इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर एका दुरुस्तीत वर्षाची बचत जाते. पेट्रोल गाडी घेणाऱ्याने इतके पाहावे की, आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडे कमी धरावे आणि जुन्या रबरी इंधननळ्या तपासून घ्याव्यात.

कोणती गाडी, असे विचाराल तर उत्तर साधे आहे. जिचे सुटे भाग जालन्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात ती. वॅगन-आर, अल्टो के-१०, सेलेरिओ, स्विफ्ट, डिझायर, ग्रँड आय-१०, टियागो यांतून निवड करावी. माल जास्त असेल तर ईको. शेव्हरोलेच्या कंपनीने भारतातील विक्री २०१७ अखेर थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, काहींचे इंजिनही उत्तम आहे, पण रोजच्या कामाची गाडी एका भागासाठी आठ दिवस उभी ठेवणे परवडत नाही. शक्य झाल्यास २०१९ नंतरची गाडी पाहावी. त्या वर्षी ए.बी.एस. ब्रेक आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. महामार्गावर रोज जाणाऱ्याला ही चैन नाही.

गाडीची पारख

ज्या गावात भंगार वितळवून सळई तयार होते त्या गावाला लोखंडाची पारख शिकवण्याची गरज नाही. तरी रंगाची चमक पाहून भलेभले फसतात. सौदा होण्याआधी आपला ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, दलालाचा नव्हे, आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकटचा सल्ला अर्धवट असतो.

गाडी सकाळी, थंड असताना पाहावी. आधी बोनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर समजावे की मालकाने आपण येण्यापूर्वीच ती चालू करून ठेवली होती. कारण थंड इंजिन सुरू होताना आपले खरे दुखणे सांगते. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. ऑईल टाकायच्या झाकणाच्या आत दुधासारखा चिकटा दिसला तर ती गाडी तेथेच सोडून चहा प्यायला जावे. इंजिन चालू ठेवून ते झाकण उघडले आणि आतून जोराने वाफ फेकली गेली तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत, म्हणजे इंजिनकाम जवळ आले आहे.

मीटरचा आकडा हा सर्वांत मोठा धोका आहे. आजचे डिजिटल मीटरही मागे फिरवून देणारे लोक आहेत. म्हणून मीटरपेक्षा गाडीवर विश्वास ठेवावा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंग चकाकते आहे, चालकाची सीट एका बाजूला बसली आहे आणि मीटर ४०,००० दाखवतो, हे जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर तेथे प्रत्येक भेटीच्या वेळचे कि.मी. नोंदलेले असतात. मालकाकडून त्या नोंदी मागाव्यात. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. २०२१ च्या गाडीवर २०१९ चे टायर दिसले तर ते दुसऱ्या गाडीचे आहेत.

टायरविषयी आणखी थोडे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून जालन्याचे लोकही त्यावरून जातात. तेथे मोटारींना ताशी १२० कि.मी. पर्यंत परवानगी आहे. उन्हाळ्यात सिमेंटचा तापलेला रस्ता, सलग वेग आणि सहा वर्षांचा कडक झालेला टायर हे तिन्ही एकत्र आले तर टायर फुटायला वेळ लागत नाही. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, असे नसते. जुनी गाडी घेतल्यावर पहिला खर्च टेपरेकॉर्डरवर किंवा सीट कव्हरवर न करता टायरवर करावा.

गाडी चालवून पाहण्यासाठी गल्लीतली फेरी पुरेशी नाही. बदनापूरपर्यंत जाऊन यावे. ताशी ८० च्या वेगावर स्टिअरिंग थरथरते का, गाडी एका बाजूला ओढते का, तापमानाचा काटा वर चढतो का, हे तेव्हाच कळते. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवावी. कट-कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या स्वच्छ होऊन बाजारात येतच असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ असेल तर कितीही अत्तर मारले तरी ती जात नाही.

विकणाऱ्याला सरळ विचारावे, "गाडीत ऐब काय आहे?" मालातला ऐब सांगूनच विकावा हा आपल्याकडे व्यापाराचा जुना दंडक आहे आणि तो पाळणारे लोक आजही आहेत. जो दोन दोष स्वतःहून सांगतो त्याच्याकडून घेतलेली गाडी सहसा पस्तावा देत नाही.

कागद आधी, बयाणा नंतर

आर.सी. वर ज्याचे नाव आहे त्याच्याशीच व्यवहार करावा. दलालाकडे सही केलेले कोरे फॉर्म असतात आणि गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात असा निर्णय दिला की, गाडी प्रत्यक्षात कितीही जणांना विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आर.सी. वर नाव असलेल्या मालकाची. म्हणून हा मुद्दा घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही आहे. नवी गाडी घेताना आपली जुनी गाडी किंवा मोटरसायकल कोणाला दिली असेल तर तिचे नाव बदलले की नाही ते आजच पाहावे.

नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे असा नियम आहे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर मागायला गेलात तर कंपनी नाकारू शकते. नो-क्लेम बोनसही जुन्या मालकाचाच राहतो, तो धरून हप्ता मोजू नये.

दिल्लीच्या पाटीच्या डिझेल गाड्या फार स्वस्त सांगितल्या जातात. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या इकडे आल्या. अशा गाडीला तिकडचे ना-हरकत पत्र लागते, येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. हे सारे जोडले की स्वस्ताई उरत नाही. तीच गोष्ट चौदा वर्षांच्या गाडीची. १५ वर्षांनंतर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरील मोटारीला ते १०,००० रुपये आहे.

काही जण पेट्रोलचा खर्च काढण्यासाठी रोजचे प्रवासी भरतात. सोबतच्या भागीदाराने खर्च वाटून घेणे वेगळे आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दंड तर होतोच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

भाव ठरवताना एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा मालक त्याआधीचा भाव सांगत असेल तर आजच्या नव्या गाडीची किंमत समोर ठेवून बोलावे. रक्कम चेकने किंवा खात्यातून द्यावी. थकलेले चलन ॲपवर पाहून विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करावी, कारण त्याच सकाळी कॅमेऱ्याने टिपलेला वेगाचा दंड कोणाचा, हा वाद संध्याकाळी होतो.