गारठ्यात घरच्यांची दौड

प्रश्न : नाताळच्या सुटीत सासूबाई (वय 64, रक्तदाब) आणि 8 वर्षांच्या मुलासह 3 किलोमीटरची हौशी दौड करायची आहे. थंडीत चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जरूर करा. सिद्धेश्वर तलावाचा परिसर छान आहे. जानेवारीत तिथे गड्डा यात्रेची गर्दी होते, म्हणून डिसेंबरच बरा. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, तेव्हा ऊन पडल्यावरच निघा. आधी घरातच दहा मिनिटे हातपाय मोकळे करा. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून, गोळी न चुकवता, फक्त चालावे. बोलताना धाप लागली की थांबावे. छातीत दुखल्यास लगेच दवाखाना गाठा. मुलाला जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे आणि कानटोपी घाला. तहान नसली तरी पाणी प्या. संपताच घामेजलेले कपडे बदला. वेग मात्र सासूबाईंचाच ठेवा.