शस्त्र लागल्याने कर्करोग पसरतो काय?

गाठीला शस्त्र लागले की रोग अंगभर पसरतो, ही समजूत वाशिम-रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आजही ऐकावयास मिळते. या भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबते व बरा होण्याजोगा स्तनाचा कर्करोग हाताबाहेर जातो. म्हणून देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर या विषयाची शास्त्रीय बाजू मांडीत आहे.

स्तनाच्या गाठीतील पेशी रक्तावाटे फुप्फुस, यकृत व हाडांपर्यंत पोहोचतात. माणसात या प्रवासास अनेकदा वर्षे लागतात. उंदरात तो काही आठवड्यांत पाहता येतो. म्हणून संशोधक उंदरांचे साहाय्य घेतात. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरच स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताब लाभला.

अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर व सहकाऱ्यांना १९७९ साली असे आढळले, की उंदरातील एक गाठ काढल्यावर अन्यत्र उरलेल्या गाठीची वाढ काही काळ वेगावते. लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. तथापि उंदरावरून प्रश्न कळतो. त्याचे उत्तर रुग्णांवरील चाचणीतूनच मिळते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात, निदानावेळीच रोग दूरवर पसरलेल्या ३५० स्त्रियांवर चाचणी झाली. त्या अवस्थेत स्तनातील गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही, तसे लक्षणीय घटलेही नाही. त्याच रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर दुसरी चाचणी झाली. या स्त्रियांचा रोग प्राथमिक अवस्थेत होता. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करण्याचे स्वस्त औषध टोचलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के हयात होत्या. न टोचलेल्यांत हे प्रमाण ८६.४ टक्के होते. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

यातील बोध स्पष्ट आहे. रोग स्तन व काखेपुरता मर्यादित असताना शस्त्रक्रिया हाच उपचाराचा पाया होय. न काढलेल्या गाठीतून पेशी बाहेर पडण्याचा धोका कायम राहतो. स्तनात गाठ लागणे, त्वचा ओढली जाणे वा स्तनाग्रातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास माताभगिनींनी संकोच न करता त्वरित तपासणी करून घ्यावी आणि कुटुंबीयांनी त्यांना खंबीर साथ द्यावी, ही नम्र विनंती.