बटण दाबताच उडणारा ड्रायव्हर

द्राक्षाच्या हंगामात ओझर-पिंपळगाव पट्ट्यातल्या पॅकहाऊसमधलं मशीन बंद पडलं, की माल क्रेटमध्येच तापत राहतो. त्या घाईत बिघडलेलं कार्ड काढून नवं बसवण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. माझ्याकडे आलेल्या बॉक्सवर लेबल चिकटवणाऱ्या मशीनचंही तेच झालं होतं. त्यात स्टेपर मोटार, ती चालवणारं ए४९८८ ड्रायव्हरचं कार्ड आणि लाईट गेली तरी काम थांबू नये म्हणून दोन बॅटऱ्या जोडून केलेला २४ व्होल्टचा पुरवठा. मोटार तासन्‌तास बिनतक्रार फिरायची. ड्रायव्हर उडायचा तो मशीन चालू करायचं बटण दाबतानाच. दोष ‘डुप्लिकेट मालावर’ ढकलून मंडळी मोकळी झाली होती.

एचएएलच्या विमान कारखान्यामुळे ओझरला गल्लीगल्लीत मीटर धरता येणारा माणूस सापडतो. पण या दुखण्यात मल्टिमीटरचा उपयोग नाही. तो शांतपणे पंचवीस व्होल्ट दाखवतो, कारण उसळी काही मायक्रोसेकंदांतच येऊन जाते. त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा, तोही ‘सिंगल’ मोडवर. प्रोबची अर्थची लांब वायर काढून टाका आणि अगदी आखूड जोड द्या. नाहीतर ती वायरच खोट्या उसळ्या दाखवते. ड्रायव्हरच्या पायांवर प्रोब धरून बटण दाबलं, तेव्हा पडद्यावरची रेघ चाळीसच्या वर जाऊन थरथरत खाली आली. ए४९८८ची कमाल मर्यादा ३५ व्होल्ट आहे.

बॅटरी पत्र्याच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. लांब वायरमध्ये इंडक्टन्स असतो आणि बोर्डावरचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर बटण दाबताच एकदम प्रवाह ओढतात. ड्रिपचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाईपला जसा दणका बसतो, तसा धावता प्रवाह थांबताना व्होल्टेज वर फेकतो. ते पुरवठ्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. म्हणूनच ४५ व्होल्टपर्यंत चालणारा डीआरव्ही८८२५ टाकूनही २४ व्होल्टवर निर्धास्त राहता येत नाही.

उपाय स्वस्त आहे. ड्रायव्हरच्या पॉवर आणि ग्राउंड पायांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. त्याचा स्वतःचा थोडा रोध असतो, तोच ही थरथर जिरवतो. इथे सिरॅमिक वाढवून भागत नाही, उलट त्रास वाढू शकतो. कपॅसिटर बॅटरीजवळ लावला तर तो असून नसल्यासारखाच. लाल-काळी वायर एकमेकींना पिळून घ्या, जमेल तितकी आखूड करा.

मग सिग्नलच्या वायरींकडे वळा. ड्रायव्हरला सिग्नल देणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत त्याचे बहुतेक पाय अधांतरी असतात. ड्रायव्हरचा स्टेपचा पाय तसाच सोडला तर जवळच्या वायरीतला गोंगाट पकडून मोटार आपोआप हलते, आणि तेव्हा कामगाराचा हात रोलरजवळ असू शकतो. मला याची काळजी उडालेल्या कार्डापेक्षा जास्त वाटते. स्टेपला १० किलोओहमचा रोध ग्राउंडकडे द्या. एनेबल मात्र उलटा असतो: तो खाली असताना ड्रायव्हर चालू. त्यामुळे त्याचा रोध लॉजिकच्या प्लसकडे हवा. आधी लॉजिकचा पुरवठा, मग मोटारीचा, बंद करताना याच्या उलट. चालू ड्रायव्हरवरून मोटारीची वायर कधीही ओढू नका, त्यानेही तो जातो.

कपॅसिटर लावल्यावर त्याच वायरीवर, त्याच बटणावर पुन्हा मोजलं, तेव्हा उसळी तिशीच्या आत राहिली. बसवलेला ड्रायव्हर हंगामभर चालला.

तुमच्याकडे बटण दाबतानाच कार्ड जात असेल, तर दुसरं आणण्याआधी वायरची लांबी पाहा. स्कोप नसेल तर जवळच्या आयटीआयत किंवा पॉलिटेक्निकमध्ये विचारा, आणि कार्डासोबत तीच लांब वायर, तेच बटण घेऊन जा. टेबलावरच्या हातभर वायरीवर हा दोष दिसत नाही.