वाचकांचे प्रश्न : आजी पोलंडची, पण कागदोपत्री कुठली?

प्रश्न : मी राहुरी तालुक्यातला शेतकरी. माझी आजी पोलंडची. युद्धाच्या काळात ती आई आणि भावाबरोबर भारतात आली, असं वडील सांगायचे. आजोबा आमच्याच भागातले, ख्रिस्ती. तेव्हा कोल्हापूरकडे नोकरीला होते. 1947 साली पुण्याच्या चर्चमध्ये लग्न करून दोघं गावी आली. वडिलांचा जन्म 1949चा. आजीचे नातेवाईक पुढे कुठं गेले, कुणालाच ठाऊक नाही. गावातले जुने लोक म्हणतात, ती 'नगरच्या कॅम्पात' होती. घरात तिचा एक फोटो आणि प्रार्थनेची वही आहे. माझी सतरा वर्षांची मुलगी युरोपात शिकायचं म्हणते. एक एजंट सांगतो की पोलंडचा पासपोर्ट मिळेल, आजीच्या जमिनीची भरपाईही मिळेल. आधी दोन लाख भरा. काय करावं?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : पहिली गोष्ट, पैसे भरू नका. एजंट दोन गोष्टींची हमी देतोय. त्यातली एक मिळण्यासारखी नाही आणि दुसरीची मुदत कधीच संपली आहे. तुमच्या हक्काची जी तिसरी गोष्ट आहे, तिच्याबद्दल तो बोलत नाही.

आधी कॅम्पचा घोळ मिटवू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला नगरला सरकारने जर्मन, ऑस्ट्रियन अशा शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना स्थानबद्ध केलं होतं. पोलिश लोक मित्रराष्ट्राचे निर्वासित. त्यांचा या कॅम्पशी संबंध नव्हता. सोव्हिएत फौजांनी 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केली. 1941च्या कराराने सुटका झाल्यावर त्यांतली बरीच पोलिश जनरल आंदेर्सच्या सैन्याबरोबर 1942 मध्ये इराणात उतरली आणि तिथून काही हजार भारतात आली. महाराष्ट्रातली त्यांची मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवड्याला, 1943 ते 1948. तिथे सुमारे 5,000 माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. आजोबांची नोकरी कोल्हापूरकडे होती हे पाहता आजीचा शोध नगरला नव्हे, वळिवड्याला घ्या.

नागरिकत्व : वडिलांच्या जन्माच्या वेळी पोलंडचा 1920चा कायदा लागू होता. त्यानुसार विवाहातून झालेल्या मुलाला बापाचं नागरिकत्व मिळे. आईकडूनही ते मिळण्याची सोय 1951च्या कायद्याने झाली. शिवाय आजोबा नगर जिल्ह्यातले म्हणजे तेव्हा ब्रिटिश प्रजाजन. अशा माणसाशी लग्न केलं की बायकोही ब्रिटिश प्रजाजन ठरे, आणि परकं नागरिकत्व आलं की पोलिश जाई. इकडे 26 जानेवारी 1950 रोजी भारतात अधिवास आणि त्याआधी सलग पाच वर्षं वास्तव्य असणाऱ्यांना आपल्या संविधानाने नागरिक मानलं. आजी 1943-44 पासून इथे असेल, तर ती त्यात बसते. त्यामुळे पोलिश नागरिकत्वाची साखळी वडिलांच्या जन्मालाच तुटलेली दिसते.

आणि समजा पासपोर्ट मिळालाच, तरी आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 आडवं येतं. स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. परक्या देशाचा पासपोर्ट काढणं हाच त्याचा निर्णायक पुरावा धरतात, आणि हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये इजहार अहमद खान प्रकरणात वैध ठरवला आहे.

भरपाई : पोलंडच्या जुन्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात राहिलेल्या मालमत्तेसाठी पोलंडने 2005 साली कायदा केला. अर्जाची शेवटची तारीख 31 डिसेंबर 2008 होती. आता नवा अर्ज होत नाही.

मग काय मिळू शकतं? 'कार्ता पोलाका', म्हणजे पोलिश वंशाच्या माणसाचं कार्ड. हा कायदा 2007चा. 2019 पासून तो जगभरातल्या पोलिश वंशजांना खुला झाला. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण, नाहीतर पणजोबा-पणजीच्या पिढीतले दोघे पोलिश असले पाहिजेत. कार्ड दहा वर्षांचं असतं. त्यावर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, पोलंडमध्ये वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. हे नागरिकत्व नव्हे, म्हणून कलम 9ची भीती नाही.

आता हिशेब नीट समजून घ्या. आजी तुमची, म्हणून तुम्ही पात्र. मुलीची ती पणजी, आणि पणजीच्या पिढीत पोलिश ती एकटीच. म्हणून मुलगी स्वतःच्या जोरावर पात्र नाही. पण कार्डधारकाच्या अज्ञान मुलाला, दुसऱ्या पालकाच्या संमतीने, कार्ड मिळू शकतं. मूल सोळा वर्षांवरचं असेल तर त्याचीही संमती लागते. मुलगी अठराची होण्याआधी तुमचं कार्ड हातात हवं. आणि ते मिळवायचं तर पोलिश वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे तुम्हालाच मोडक्यातोडक्या का होईना, पोलिशमध्ये बोलावं लागेल. अभ्यास मुलीआधी बापाला आहे!

कागद कुठून काढायचे : कुणबी नोंदींच्या निमित्ताने तहसीलचा अभिलेख कक्ष आता गावोगावच्या लोकांना पाठ झालाय. तिथे गाव नमुना 14 मध्ये वडिलांचा जन्म शोधा. मात्र जुन्या नोंदीत बहुधा बापाचंच नाव असतं. आईचा रकाना नाही की आजी गायब. म्हणून वडिलांचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चची नोंदवही जास्त मोलाची. तिच्यात दोन्ही पालकांची नावं मिळतात. त्याहून महत्त्वाची पुण्यातली लग्नाची नोंद, कारण तिच्यात आजीचं माहेरचं आडनाव, वय आणि तिच्या वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर गावात तिचं नाव बदललं असेल, तर दोन्ही नावांची गाठ याच कागदाने पडेल. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. भारतीय दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल घ्या आणि पोलिश भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

नातेवाइकांचा शोध : प्रार्थनेच्या वहीची पानं आधी उलगडा. पहिल्या-शेवटच्या पानावर गावाचं नाव, तारीख किंवा कुणाची सही असते. आडनाव शोधताना स्त्रीचं 'स्का' आणि भावाचं 'स्की' अशी दोन्ही रूपं टाका. हद्दपार केलेल्यांची सूची वॉर्साच्या कार्ता केंद्राने केली आहे. तीत वडिलांचं नाव आणि जन्मवर्ष यांवरून माणूस पक्का करता येतो. जर्मनीतल्या आरोल्सेन अभिलेखागाराकडे विस्थापितांच्या कागदांसाठी अर्ज करा, शुल्क नाही. भाऊ वयाने मोठा असेल, तर तो आंदेर्सच्या सैन्यात गेला असण्याचा संभव आहे. लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयाला लिहा. वळिवड्याची माणसं 1947-48 मध्ये ब्रिटन, पूर्व आफ्रिका अशी पांगली, काही पोलंडला परतली. इथल्या सरकारी फायलींसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार पाहा. भारतीय रेडक्रॉसही दुरावलेल्या कुटुंबांचा शोध घेते.

प्रश्न : वळिवड्याचा कॅम्प उठला तेव्हा एका पोलिश बाईने आमच्या आजोबांकडे पत्रं आणि फोटोंची ट्रंक ठेवली. आता पोलंडच्या एका संग्रहालयाला ती पाठवून द्यावी म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हेतू चांगला आहे, पण मूळ कागद पोस्टात टाकू नका. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे, 75 वर्षांहून जुने दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतात, आणि पुरावशेष खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. 1943 ते 1948चे कागद ही मर्यादा ओलांडून गेले आहेत. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तुमचे कागद त्या व्याख्येत बसतात का, ते लेखी घ्या. दुसरं, ट्रंक ठेवायला दिली होती, दान नव्हे. तिच्यावर त्या बाईच्या वारसांना हक्क सांगता येतो. सध्या प्रत्येक पत्राची आणि फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, पाकिटावरचे पत्ते उतरवून ठेवा आणि प्रती संग्रहालयाला पाठवा. राहुरीच्या वाचकासारख्या एखाद्या घराला हवं असलेलं नाव त्या पत्त्यांत निघू शकतं.